आधी पत्रा, मग एसी

मी सोलापुरात फॉल्स सीलिंगची आणि छताच्या इन्सुलेशनची कामं करतो. मे महिन्यात पूर्व भागातून एका तरुणाचा फोन आला. एसी घ्यायचा होता, त्याआधी खोलीला पीओपीचं सीलिंग हवं होतं, म्हणजे गारवा वर निघून जाणार नाही.

दुपारी पोचलो तेव्हा बाहेर ४३ अंश होते. घर दोन खोल्यांचं. वर पत्रा, आतल्या खोलीवर फळ्यांचा माळा, पुढच्या खोलीवर तेवढंही नाही. पुढच्या खोलीत त्याची आई, म्हणजे अक्का, आणि दोन शेजारणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. डोक्यावर पंखा होता, पण बंद. मी बटणाकडे हात नेला तशा तिघी एकदम म्हणाल्या, "अण्णा, पंखा नको ओ, तंबाखू उडती सगळी!"

कूलरही फक्त रात्री. दिवसा लावला तर तंबाखू ओल धरते. आणि काहीच लावलं नाही तर पानं वाळतात. तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची असतात, मऊ राहिली तरच विडी नीट वळते. पत्र्याखाली ती बघता बघता कडक होतात आणि फाटतात. पानं कारखान्यातून वजनावर मिळतात. कमी पडली तर पदरची घालायची, आणि वाईट वळलेल्या विड्या तिथे बाद होतात त्या वेगळ्याच. म्हणजे छताचा ताप या बाईच्या मजुरीतून वसूल होत होता. इतकी वर्षं मी उकाड्याचा हिशेब विजेच्या बिलात करत आलो, हा हिशेब मला त्या दिवशी अक्कांनी शिकवला.

शिडी लावून माळ्यावर चढलो. तिथे दोन मिनिटंही थांबवेना. टेंपरेचर गन चकचकीत पत्र्यावर नुसती धरली तर ती खोटा, कमी आकडा दाखवते, म्हणून मी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजतो. आकडा आला ६४. माळ्याच्या फळ्या ५० च्या आसपास. एवढा तापलेला पत्रा नुसती हवा गरम करत नाही, तो दिवसभर खाली उष्णता फेकत राहतो आणि ती थेट डोक्यावर, खांद्यावर येते. दुकानदाराने मुलाला दीड टनाचा एसी सांगितला होता. या खोलीत तो लावला असता तर दुपारी कॉम्प्रेसर बंदच झाला नसता. दर महिन्याला १०० युनिटच्या पुढे गेलं की महावितरणचा दर चढतो, आणि हे घर त्या रेषेच्या जवळच होतं.

मी मुलाला सांगितलं, "एसीचे पैसे बाजूला ठेवा. आधी पत्रा बघू." त्याला पटायला वेळ लागला. अक्कांना लगेच पटलं. त्यांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलेलं. लाकडी तुळया, वर जाड मातीचा थर. "उन्हाळ्यात आम्ही तिथंच बसून वळायचो, पानं दिवसभर मऊ," म्हणाल्या. माती आणि लाकूड उष्णता सावकाश आत सोडतात. पत्रा पातळ, तो काहीच अडवत नाही.

मुलाला थर्माकोल हवा होता, स्वस्त म्हणून. मी ठाम नाही म्हटलं. खाली गॅसची शेगडी, घरभर वाळलेली पानं, आणि थर्माकोल पेट घेतो. आम्ही पत्र्याच्या खालून ५० मिलिमीटरचं रॉकवूल घातलं, खालच्या अंगाला चंदेरी फॉइल. ते दगडापासून बनतं, जळत नाही. उष्णता अडवण्याच्या बाबतीत एवढा थर साधारण २ मीटर जाड काँक्रीटच्या तोडीचा आहे. पुढच्या खोलीत त्याखाली हलकं सीलिंग केलं. माळ्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींना भोकं पाडून जाळ्या बसवल्या, कोंडलेली गरम हवा निघून जावी आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून. पत्र्यावर बाहेरून पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. सगळं काम पहाटे सुरू करून नऊ-साडेनवाला थांबवायचो. रॉकवूलचे तंतू टोचतात, त्यामुळे पोरांना पूर्ण बाह्यांचे शर्ट, हातमोजे, मास्क लागतात, आणि तशा कपड्यांत त्या माळ्यावर दुपारी माणूस घालणं मला मान्य नाही.

काम संपल्यावर दुपारी तीनला पुन्हा गेलो. बाहेर ४२. सीलिंगचा खालचा भाग ३८. उकाडा होताच, सोलापूरच ते. पण डोक्यावरची ती भाजणी गेली होती. अक्कांनी गोणपाट उघडून मला पान हातात दिलं, दुमडून बघा म्हणाल्या. दुमडलं, फाटलं नाही. रात्री कूलर आता मधेच बंद करावा लागतो, असं मुलगा म्हणाला. एसी त्याने त्या उन्हाळ्यात घेतला नाही.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा ठरवून दिली आहे. पण ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरील घरांसाठी. विडी वळणारी बाई अशा भूखंडावर राहत नाही. माझ्या मते तो नियम सगळ्यात आधी तिच्या पत्र्याला लागू व्हायला हवा, कारण पंखा लावायचीही सोय नसलेलं काम तिच्याच घरात चालतं.

त्या दोन शेजारणींनीही भाव विचारला. एक भाड्याच्या घरात, मालक छतावर खर्च करायला तयार नाही. तिच्या पत्र्यावर आम्ही फक्त चुना मारून दिला, फेविकॉल घालून, म्हणजे लगेच पोपडे निघणार नाहीत. पावसात तो धुपणार आणि यंत्रमागांचा कापूस-धूळ बसून काळवंडणार, त्यामुळे दर फाल्गुनात पुन्हा मारायला सांगितलंय. दुसरीचं घर स्वतःचं आहे. तिचं रॉकवूल भिशी लागली की घालायचं ठरलंय.