आकाशातला धागा

रविवार, रात्रीचे दहा.

पोळ्याच्या दिवशी काढलेला रोल आज धुतला आणि एकूण एक चौकटीत, वरच्या डाव्या कोपऱ्यात, तोच तो वाकडा धागा निघाला. निगेटिव्हवर तो पारदर्शक रेघेसारखा दिसतो, म्हणजे छापल्यावर काळा येणार. आखरावर, म्हणजे गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली उभ्या असलेल्या बैलजोड्या, त्यांच्या झुली, शिंगांवरचे बेगड, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारी मंडळी हे सगळे नीट उतरले आहे. फक्त सगळ्यांच्या डोक्यावरच्या ढगाळ आकाशात हा धागा लोंबतो आहे.

कॅमेरा साधा आहे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री, जो मला चार वर्षांपूर्वी भंगारवाल्याच्या हातगाडीवर, तांब्याच्या फुटक्या घंगाळाखाली सापडला. एकशेवीस नंबरच्या फिल्म रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा चौरस फोटो निघतात. बॅटरी नाही, उजेड मोजणारे मीटर नाही. ऊन आणि ढग अशा खुणांवर एक कळ सरकवायची आणि खटका दाबायचा. माझ्या अनुभवात दहा फुटांच्या आतले धूसर येते, म्हणून मी चार पावले मोजून मागे सरतो, आणि लोकांना वाटते की हा बैलाला भितो. शटर मंद असल्यामुळे खटका दाबताना कोपर बरगडीला टेकवून श्वास रोखावा लागतो. तरीही बैलाने मान झटकली की तिथे चार शिंगे उमटतात, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही.

एका चौकटीवर दोन फोटो आले आहेत, ती चूक सरळ माझी आहे. फोटो काढल्यावर पाठीमागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत रोल फिरवायचा असतो. तो फिरवला की नाही हे माझा कॅमेरा सांगत नाही आणि दुसऱ्यांदा खटका दाबला तर अडवतही नाही. पोळा फुटला, जोड्या धावल्या आणि मी विसरलो. शेजारच्या काकू हातात पूजेचे ताट घेऊन उभ्या आहेत आणि त्यांच्या पदरातून एक खोंड पळत निघाला आहे. हा फोटो त्यांना दाखवावा की नाही, हे अजून ठरलेले नाही.

धाग्याचे कोडे मात्र दोन तास सुटले नाही. आधी भिंगावर संशय घेतला. आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात घराच्या भिंती घाम गाळतात आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. म्हणूनच मी कॅमेरा त्याच्या चामडी पिशवीत ठेवत नाही, कारण चामडे ओल धरून बसते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तो सिलिका जेलच्या पुडीसोबत राहतो. तिच्यातले निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घेतो. कॅमेरा उघडून, भिंग खिडकीकडे धरून खटका दाबला. क्षणभर दिसणारे उजेडाचे वर्तुळ स्वच्छ होते. शिवाय भिंगावरची घाण अशी रेखीव उमटत नाही, ती चित्र मळकट करते. इतकी स्पष्ट रेघ यायची तर वस्तू फिल्मला जवळजवळ चिकटलेलीच हवी.

मग लक्षात आले की फिल्मवर चित्र उलटे पडते. आकाशातल्या डाव्या कोपऱ्यातली वस्तू, पाठीमागून पाहिले तर, कॅमेऱ्याच्या आत फिल्म टेकते त्या चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असणार. चष्मा कपाळावर चढवून, टॉर्च तिरपा धरून पाहिले तेव्हा नेमका तिथेच पांढरा सुती तंतू सापडला. आमचा मुलूख कापसाचा असला तरी हा दोष पऱ्हाटीवर ढकलता येणार नाही, कारण बोंडे फुटायला अजून बराच अवकाश आहे. पोळ्याच्या आदल्या रात्री, काळजी म्हणून, मी जुन्या बनियनच्या तुकड्याने कॅमेरा आतून पुसला होता. भिंगाला कापड लावायचे नाही, हवेचा रबरी फुगाच वापरायचा, शटरला तेल द्यायचे नाही, हे मी इतरांना शिकवतो. आतली चौकट मात्र नियमातून निसटली होती.

रोल धुण्याचे पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो. पाणी आज सत्तावीस अंशांवर होते आणि मला डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, वीस अंशांवर लागतो, त्यामुळे रांजणाचे पाणी पुरले नाही, काकूंच्या फ्रिजमधला बर्फ मागावा लागला. डेव्हलपर थंड केला पण शेवटची धुलाई नळाच्या पाण्यात केली तर उन्हाळ्यात फिल्मचा थर सुजून सुटू लागतो, म्हणून सगळे पाणी जवळपास एकाच तापमानाचे ठेवले. बर्फ देताना काकूंनी विचारलेच, "माहा फोटू आला का?" आला म्हणालो.

तो तंतू चिमट्याने काढून या पानावर चिकटपट्टीखाली ठेवला आहे. करंगळीच्या नखाएवढाही नाही.