मॅकडोना जंक्शन : किल्केनीच्या बाजारातला दुष्काळ

डब्लिनहून वॉटरफर्डकडे जाणाऱ्या आगगाडीने किल्केनीला उतरणारा प्रवासी सहसा नोर नदीकाठच्या किल्ल्याकडे चालू लागतो. मी मात्र स्थानकाला लागूनच असलेल्या मॅकडोना जंक्शन या खरेदी संकुलात आधी शिरलो. स्थानक आणि संकुल या दोहोंच्या नावांतले मॅकडोना म्हणजे इंग्रज राजवटीविरुद्ध आयर्लंडमध्ये झालेल्या १९१६ च्या उठावातले कवी-नेते टॉमस मॅकडोना. उठावानंतर इंग्रजांनी त्यांना गोळ्या घालून मारले. त्याआधी काही काळ ते याच गावातल्या सेंट किरन्स महाविद्यालयात शिकवत असत.

२००७ साली सुरू झालेल्या या संकुलात डन्स स्टोअर्सचे मोठे दुकान, कपड्यांची दालने, कॉफीची टेबले असे सगळे नेहमीचेच आहे. पण काचेच्या नव्या बांधकामाशेजारी करड्या दगडाच्या उंच इमारती दिसू लागतात आणि पाऊल आपोआप मंदावते. हे १८४२ साली उघडलेले किल्केनीचे वर्कहाऊस. जॉर्ज विल्किन्सन या वास्तुविशारदाने आयर्लंडभर अशी निराधारगृहे उभारली. आत येणाऱ्याला अन्न मिळे, पण नवरा, बायको आणि मुले यांची ताटातूट करून प्रत्येकाला वेगळ्या कक्षात ठेवले जाई. १८४५ मध्ये गोरगरिबांचे मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर करपा पडला, दुष्काळ सुरू झाला आणि सुमारे तेराशे माणसांसाठी बांधलेल्या या इमारतींत पुढे त्याच्या कितीतरी पट माणसे कोंबली गेली. त्यातच १८४७ च्या कायद्याने पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाकारली, म्हणजे पोटासाठी आधी जमीन सोडायची आणि मगच सरकारच्या दारात उभे राहायचे. लंडनहून मदतीचा हात आखडता घेणारे ब्रिटिश अर्थखात्याचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर होऊन आपल्याकडे आले, हेही येथे आठवल्यावाचून राहत नाही.

संकुलाच्या बांधकामाआधी झालेल्या उत्खननात ६३ खड्डे आणि त्यांत किमान ९७० माणसांचे सांगाडे सापडले. त्यांची कुठेही नोंद नव्हती. गावातल्या दफनभूमीत जागा उरली नाही तेव्हा, म्हणजे १८४७ ते १८५१ या काळात, वर्कहाऊसच्या आवारातच खड्डे खणून शवपेट्या एकावर एक रचल्या गेल्या होत्या. मृतांत निम्म्याहून अधिक लहान मुले होती. अनेक हाडांवर स्कर्व्हीच्या खुणा आढळल्या, कारण क जीवनसत्त्व देणारा बटाटाच ताटातून गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या मक्याच्या पिठात ते नव्हते. अभ्यासानंतर २०१० मध्ये हे अवशेष संकुलालगतच्या स्मृतिउद्यानात पुन्हा पुरण्यात आले.

कानाला यंत्र लावून हा सारा इतिहास ऐकत फिरण्याची सोय संकुलात आहे. सेलच्या पाट्या आणि ढकलगाड्या यांच्यामधून वाट काढत हे ऐकणे सुरुवातीला विचित्र वाटते, आणि ज्या जागी माणसे उपासमारीने मेली तेथे बाजार मांडावा का, हा प्रश्न कुणाला पडला तर त्यात वावगे काही नाही. तरीही मला हीच मांडणी योग्य वाटते. वेगळ्या संग्रहालयात मुद्दाम वाट वाकडी करून जाणारे थोडे असतात. येथे मात्र दूध-पाव घ्यायला निघालेल्या माणसालाही या भिंती ओलांडूनच जावे लागते.

शेवटी मीही किराणा घेतला. बटाट्यांच्या फळीवर लाल सालीचे रूस्टर होते. ही आज आयर्लंडमध्ये सर्वांत जास्त पिकणारी जात असून शेजारच्या कार्लोतल्या ओक पार्क संशोधन केंद्रात तयार झाली आहे. दुष्काळाआधी गोरगरिबांची सारी भिस्त असलेला लंपर हा बटाटा हलक्या जमिनीतही भरघोस येई, पण करप्यापुढे त्याचा टिकाव लागला नाही. रूस्टर उकडून, वर लोणी-मीठ घालून खायला उत्तम लागतो; आपल्या काचऱ्यांसाठी मात्र तो फार पिठूळ पडतो, आणि फोडणीत चार वेळा परतला की त्याचा भुगा होतो.