‘काही होणार नाही’ असं मी बोलून गेले

नवीन कात्रज बोगद्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं आणि वही माझ्या मांडीवर. मी भीतीवर उपचार करते, आणि या बाई गाडी चालवण्याच्या भीतीसाठी माझ्याकडे येतात. ही आमची नववी भेट. त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 44, बँकेत अधिकारी. तीन वर्षांपूर्वी बोगद्यापासून पुण्याकडे येणाऱ्या याच उतारावर, नवले पुलाच्या अलीकडे, एका ट्रकनं मागून धडक दिली. डिकी चेपली, काही दिवस मानेला पट्टा लागला, बाकी सगळे सुखरूप. त्यानंतर आधी हा उतार सुटला, मग हायवे, मग पावसातलं चालवणं, आणि शेवटी कोथरूडातल्या कोथरूडात भाजी आणणंसुद्धा. नवरा प्रेमळ. ‘मी सोडतो ना’ म्हणायचा आणि रोज सोडायचा. या वाक्यानं जेवढ्या बायकांच्या गाड्या पार्किंगमध्ये धूळ खात पडल्या आहेत, तेवढ्या अपघातांनीही पडल्या नसतील, असं मला माझ्या कामात वाटत आलं आहे. टाळलं की हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला पोसतं. मावरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हे 1940च्या दशकातच मांडलं, पण घरोघरी अजून टाळण्यालाच काळजी घेणं म्हणतात. त्यांच्या डॉक्टरांनी तर अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाची अर्धी गोळी घेऊन चालवायला सांगितलं होतं. ज्या गोळीनं गुंगी येते आणि प्रतिक्रिया मंदावते, ती घेऊन स्टिअरिंगवर बसायचं! मी ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

‘गाडीची भीती’ या एकाच नावाखाली वेगवेगळी माणसं येतात. कुणाला अपघाताची भीती असते. कुणाला गाडी चालवताना चक्कर येईल, छाती धडधडेल, बोगद्यात अडकलो तर बाहेर पडता येणार नाही, याची. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मी आधी खोलीतच मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावते, फिरत्या खुर्चीत गरगर फिरवते, म्हणजे ती धडधड आपल्याला मारत नाही हे त्याला स्वतःच्या शरीरात कळतं. आणि ज्याला रोज रात्री तो अपघात पुन्हा दिसतो, दचकून जाग येते, त्याच्यासाठी आघातावरचे उपचार आहेत, त्याला थेट रस्त्यावर काढायचं नसतं. या बाई पहिल्या प्रकारच्या. झोप व्यवस्थित, भीती फक्त मागून येणाऱ्या गाडीची.

आम्ही शिडी मांडली. सोसायटीच्या आवारात, मग डीपी रोड सकाळी सहाला, मग कर्वे रोड संध्याकाळी सातला, असं करत वरची पायरी हा उतार. प्रत्येक पायरीवर भीती शंभरपैकी किती, हा आकडा. जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरनं 1958मध्ये भीती पायरीपायरीनं घालवण्याची आपली पद्धत पुस्तकरूपानं मांडली, तेव्हा त्याचा भर आधी शरीर सैल सोडण्यावर आणि मग भीतीची कल्पना करण्यावर होता. आता आम्ही सैल होण्याची वाट बघत नाही. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानंतर भर भाकितावर आला आहे. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी शिकवण उभी राहते. म्हणून निघण्याआधी वहीत लिहायचं: काय होईल, किती खात्री आहे. परत आल्यावर लिहायचं: काय झालं.

उतारावर नेण्याआधी मी त्यांना एका ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या उस्तादांकडे पाठवलं. दोन ब्रेकवाल्या गाडीत त्यांनी बाईंना उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर वेग धरायला शिकवलं. लायसन्सपुरतं आठ काढून दाखवायला शिकवणाऱ्या शाळा हे शिकवत नाहीत. आणि जे येतच नाही त्याची भीती वाटणं हा आजार नव्हे.

बाकी माझं काम म्हणजे आधाराच्या काठ्या एकेक करून काढून घेणं. नवऱ्याचा फोन स्पीकरवर, ओठांतल्या ओठांत रामरक्षा, ताशी तीसनं डावी कड. सगळ्यात चिवट काठी आरशाची. धडक मागून बसली होती, म्हणून त्या पुढे कमी आणि आरशात जास्त बघायच्या. म्हणजे जिथून अपघात टळायचा, तिथंच नजर नाही. आरसा किती वेळा पाहिला हे मी वहीत रेघा मारून मोजत असे.

त्या दिवशी वहीत भाकीत होतं: ‘मागून ट्रक धडकेल, खात्री 80.’ दरी पूल ओलांडला, तिसरा गिअर, सगळं नीट. नऱ्ह्याजवळ पुढची वाहतूक अचानक थांबली. त्यांनी सावकाश ब्रेक दाबला, इंडिकेटर लावले. आणि आरशात एक ट्रेलर मोठा मोठा होत आला.

त्या म्हणाल्या, “मॅडम, पुन्हा नाही ना होणार?”

मी म्हणाले, “नाही. काही होणार नाही.”

एअरब्रेकचा फुस्स आवाज करत ट्रेलर मागं हातभरावर थांबला. आकडा 95. आम्ही तिथंच बसून राहिलो. गाड्या हलायला लागेपर्यंत 70, नवले पुलापाशी 40. सेशन म्हणून पाहिलं तर चांगलं. सर्व्हिस रोडला गाडी लावून त्यांनी वहीत लिहिलं: ‘धडक बसली नाही.’ त्याखाली आणखी एक ओळ: ‘मॅडम म्हणाल्या होत्या.’

ती ओळ वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. आठ भेटींत मी एकेक काठी काढली आणि नवव्या भेटीत स्वतःच काठी झाले. शिवाय मी बोलले ते खरं नव्हतं. पालीला घाबरणाऱ्याला मी खुशाल सांगू शकते की पाल काही करत नाही. या उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेक तापून निकामी होतात, माणसं मेली आहेत. इथल्या भीतीत खऱ्याचा अंश आहे. मी म्हणायला हवं होतं, ‘शक्यता कमी आहे, शून्य नाही, आणि तुम्हाला जे करता येतं ते तुम्ही केलंय.’ उत्तर येत होतं. सुचलं नाही, कारण तो ट्रेलर मलाही दिसत होता.

पुढच्या भेटीत मी हे त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तुमचा उजवा पाय मी पाहिला होता. नसलेला ब्रेक दाबत होतात. मग मला तसं का सांगितलंत?” आवाजात राग होता. त्यानंतरच्या दोन भेटींना त्या आल्या नाहीत.

ज्या सरांशी मी केसेसची चर्चा करते ते म्हणाले, कबूल करायचं कारण नव्हतं, रुग्णाचा आधार डळमळतो. मला पटलं नाही, पण तेच चुकले असं छातीठोकपणे म्हणताही येत नाही. मी बोलले नसते तर त्या माझ्या शब्दाच्या भरवशावर आणखी चार वेळा उतरल्या असत्या, आणि पाचव्यांदा मी शेजारी नसते.

तिसऱ्या आठवड्यात फोनवर वहीच्या पानाचा फोटो आला. ‘खेड शिवापूर ते वारजे. एकटी. मागे ट्रक होता. आरसा 6 वेळा.’ भाकिताच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सांगता येत नाही.’ खात्रीचा रकाना रिकामा. तो का रिकामा ठेवला, हे मी अजून विचारलेलं नाही.