आम्ही घर विकत घेत होतो, आणि वकीलबाईंनी विकणाऱ्याला विचारलं, "बाबा गेले तेव्हा तुमची आजी होती का?"

पुण्यात कर्वेनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट होता. 1984 सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण तिन्ही बाजूंनी उजेड आणि किंमत आमच्या आवाक्यातली. 72 लाखांवर बोलणी आली तशी एजंटने खिशातून इसार पावतीचा छापील फॉर्म काढला. "ताई, टायटल एकदम क्लिअर आहे. आमचे वकील आहेत, तेच सगळं बघतात. तुम्हाला वेगळा खर्च नाही."

तो "आमचे वकील" मला खटकला. व्यवहार झाला तरच ज्याला पैसे मिळणार, तो व्यवहार थांबवायला कशाला सांगेल? पावती तशीच ठेवली आणि म्हटलं, आधी माझा वकील कागद बघेल, मग इसाराचं बोलू.

पण माझा म्हणावा असा वकील होता कुठे? घरात एक वकील आहे, माझा आतेभाऊ, पण तो फौजदारीतला. त्याने स्वतःच सांगितलं, "हे माझं काम नाही. मिळकतीचंच काम करणारा कुणीतरी गाठ." बँकेच्या पॅनलवरचा वकील आहे की, असं नवऱ्याचं म्हणणं. कर्ज घेणार म्हटल्यावर त्याची फी आपण भरणारच होतो. पण तो बघतो ते बँकेसाठी, तारण सुरक्षित आहे की नाही एवढ्यापुरतं. अहवालही बँकेच्या नावाने. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळे शोधायचं ते ओळखीपाळखीतूनच. आमच्या भाड्याच्या बिल्डिंगमध्ये भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी तीन नावं दिली.

पहिल्या ठिकाणी मोठं ऑफिस, बोलायला ज्युनियर. दुसरे फोनवरच म्हणाले, "कागद व्हॉट्सअ‍ॅप करा, संध्याकाळी रिपोर्ट देतो." संध्याकाळपर्यंत कोणी काय बघणार, देव जाणे. तिसऱ्या होत्या शिवाजीनगरला कोर्टाजवळ बसणाऱ्या एक वकीलबाई. त्या म्हणाल्या, "झेरॉक्स नकोत. विक्रेत्याला मूळ कागद घेऊन बोलवा, तुम्हीही या." तिथेच माझं ठरलं.

फी त्यांनी लेटरहेडवर लिहून दिली, तीन टप्प्यांत. सर्च (म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदी तपासणं) आणि टायटलचा, म्हणजे मालकीहक्काचा, अहवाल, मग साठेखत-खरेदीखताचे मसुदे, मग नोंदणीच्या दिवशी हजर राहणं. सर्चचं सरकारी शुल्क आणि पेपरातल्या नोटिशीचा खर्च वेगळा. खाली एक ओळ होती: अहवालानंतर व्यवहार झाला नाही तरी पहिल्या टप्प्याची फी देय राहील. नवऱ्याला ती ओळ आवडली नाही. मला त्या ओळीमुळेच धीर आला.

विक्रेता साधारण चाळिशीचा, सरळ माणूस. फाईल घेऊन आला, सोबत एजंटही. मॅडमनी सगळ्यात आधी वडिलांचा मूळ करारनामा काढला. पिवळट पडलेला, टाईप केलेला, आणि स्टॅम्प पेपर फक्त 5 रुपयांचा! मी दचकलेच. त्या म्हणाल्या, फ्लॅटच्या करारनाम्यांवर पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं ते 10 डिसेंबर 1985 पासून. हा 84 चा आहे, नोंदवलेला आहे, काळजी नको.

मग शेअर सर्टिफिकेट. 50 रुपयांचे पाच शेअर, पुढच्या बाजूला वडिलांचं नाव. मॅडमनी ते उलटं केलं आणि मागच्या हस्तांतराच्या रकान्यांवर पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली. 2010 मध्ये मुलाच्या नावाची नोंद, चेअरमन-सेक्रेटरींच्या सह्या.

"हे नॉमिनेशनवरून झालंय ना?"

"हो. बाबांनी माझंच नाव दिलं होतं. म्हणजे फ्लॅट माझाच."

"बाबा कधी गेले?"

"2009 ला."

"आई?"

"आहे."

"बहिणी?"

"दोघी. लग्नं झालीत त्यांची."

"लग्नाचं नाही विचारलं मी," असं म्हणत मॅडमनी वही ओढली. "मृत्युपत्र?"

"नाही."

"बाबा गेले तेव्हा त्यांची आई होती का? तुमची आजी?"

तो एजंटकडे बघायला लागला. "होती. आजी 2011 ला गेली. पण तिचा काय संबंध? ती तर गावाला असायची."

मॅडमनी वहीत वंशावळ काढली. नॉमिनी म्हणजे सोसायटीने ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस. मालकी ठरते ती वारसाहक्काने. सहकार कायद्यात 2019 ला जी दुरुस्ती झाली तिच्यात तर नॉमिनेशनवरून आलेल्याला, खरे वारस दाखल होईपर्यंतचा, तात्पुरता सभासदच म्हटलंय. फ्लॅट वडिलांच्या स्वकमाईचा. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. मुलींचा हा हक्क 1956 पासूनचा आहे. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीसाठी, लोक दोन्हींची गल्लत करतात. म्हणजे इथे पाच वाटे झाले, आणि त्यातला एक आजींचा. आजी गेल्यावर तो पाचवा हिस्सा त्यांच्या मुलांकडे गेला: कराडचे काका, इंदूरची आत्या, आणि आधी गेलेल्या मुलाच्या जागी त्याची ही तीन मुलं. काकांचा पंधरावा हिस्सा. 72 लाखांवर तो होतो 4 लाख 80 हजार.

एजंट म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं हो?"

"घेणारे बघत नाहीत. उद्या या विकायला निघाल्या की त्यांच्या गिऱ्हाइकाचा वकील बघतो."

विक्रेत्याच्या मनात खोट नव्हती, हे मला आजही वाटतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. बँकेच्या वकिलांचा अहवाल नंतर हातात पडला, त्यात आई आणि बहिणींची संमती घ्यावी असं होतं, आजींचा उल्लेखही नव्हता.

पुढचं काम नाजूक होतं. मी काकांना फोन करू का, असं विचारलं तर मॅडम "अजिबात नाही" म्हणाल्या. ते आपले पक्षकार नाहीत, घरातलं घरातल्यांनी मिटवायचं. त्यांनी विक्रेत्याला एक पत्र दिलं: वडिलांचा आणि आजींचा मृत्यूदाखला, सगळ्या वारसांचं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आणि खरेदीखतावर सगळ्यांची सही. एवढं जमत असेल तर इसार. दरम्यान दुसरं घर बघायला आम्ही मोकळे, आणि ते दुसरं गिऱ्हाईक बघायला मोकळे. एजंट माझ्यावर चिडला. रोज त्याचा फोन, "ताई, हातचं घर जाईल." जाऊ दे म्हटलं. (मनातून धाकधूक होतीच. उजेड खरंच फार छान होता.)

त्या काळात सर्च झाला. एरवी 30 वर्षांचा घेतात, मॅडमनी 1984 पासूनचा घेतला, मूळ करार त्या सालचा म्हणून. ऑनलाइन ई-सर्चमध्ये पुण्याच्या जुन्या नोंदी मिळत नाहीत, त्यासाठी नोंदणी कार्यालयातल्या इंडेक्सच्या वह्याच चाळाव्या लागतात. अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की काही वर्षांच्या वह्यांची पानं फाटलेली आहेत, तेवढ्यापुरती खात्री देता येत नाही. ज्या अहवालात अशी एकही ओळ नसते त्यावर माझा आता विश्वास बसत नाही. तारणाची नोंद आहे का ते सेरसाईवर, म्हणजे तारणांच्या केंद्रीय ऑनलाइन नोंदवहीत, पाहिलं, नव्हती. प्रॉपर्टी कार्डावर मात्र अजून मूळ जमीनमालकाचंच नाव, कारण सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, कधी झालंच नव्हतं. त्याने व्यवहार अडत नाही, पुनर्विकासाच्या वेळी अडेल, असं मॅडमनी सांगितलं आणि तेही अहवालात घातलं.

जाहीर नोटिशीला विक्रेत्याच्या आईचा विरोध. "पेपरात नाव यायला आम्ही काय कुणाचं बुडवलंय?" त्यांचं बरोबरच होतं, त्या भाषेत माणूस संशयितासारखाच दिसतो. "तमाम जनतेस कळविण्यात येते की..." पासून ते "मुदतीत हरकत न आल्यास सदर मिळकत निर्वेध व बोजारहित आहे असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल" पर्यंत. 14 दिवसांची मुदत होती. हरकत एकही आली नाही. फोन एक आला, त्याच इमारतीतल्या गृहस्थांचा: "कितीला ठरला?"

कराडचे काका देवमाणूस निघाले. "भावाचं घर, मला काय करायचंय त्यातलं," म्हणाले. फक्त ऊस तुटल्यावर येईन, एवढीच अट. कारखान्याची तोड लांबली तसे आम्हीही लांबलो. आत्यांना गुडघ्यामुळे प्रवास झेपणार नव्हता, म्हणून पुतण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं ठरलं. मॅडमनी बजावलं: नुसतं नोटरी केलेलं चालणार नाही, इंदूरच्या नोंदणी कार्यालयातच करायचं, आणि त्यात याच फ्लॅटचं वर्णन हवं, मोघम "सर्व मिळकती" नको.

सगळ्यांचा होकार लेखी आल्यावर इसार दिला, तोही मॅडमनी लिहिलेल्या पावतीवर. एजंटच्या छापील फॉर्मात व्यवहार मोडल्यास इसार जप्त, एवढंच होतं. कुणी मोडला, का मोडला, काही नाही. मॅडमनी घातलं की हक्कात दोष निघाला किंवा एखाद्या वारसाने सही नाकारली तर संपूर्ण रक्कम 15 दिवसांत परत.

मसुदा वाचायला त्यांनी मला समोर बसवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. कंटाळवाणं काम, पण वाचता वाचताच लक्षात आलं की पार्किंगचा उल्लेखच नाही. विक्रेता पहिल्या दिवसापासून "पार्किंग आहे" म्हणत होता. मॅडम म्हणाल्या, कागदावर असेल तर दाखवायला सांगा. सोसायटीच्या एकाही ठरावात ते नव्हतं. गाडी लावायची जागा होती, हक्क नव्हता. त्यावरून किंमत थोडी खाली आणता येईल का हे बघायचं काम माझं, त्यांचं नाही, हेही त्यांनी ऐकवलं. मी प्रयत्न केला. आली नाही.

मुद्रांकाच्या बाबतीत एक गोष्ट त्यांनी वेळेत सांगितली. पुण्यात सगळे अधिभार धरून 7 टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की सवलत गेली. म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं आणि नवरा कर्जात सहकर्जदार राहिला. 72 हजार वाचले. नोंदणी शुल्क कमाल मर्यादेचं, 30 हजार.

नोंदणीच्या दिवशी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आमची वरातच होती. काका सकाळच्या एसटीने आले, पांढरी टोपी, हातात काकवीची बाटली. अंगठ्याच्या मशीनवर त्यांचे ठसे उमटेनात. शेतात राबून बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. ऑपरेटरने अंगठा पुसून पुन्हा ठेवायला लावला, मग दुसरा, तेव्हा कुठे जमलं. आत्यांच्या मुखत्यारपत्राला जोडून विक्रेत्याने घोषणापत्र दिलं: मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही आणि देणारी व्यक्ती हयात आहे. त्याने त्याच सकाळी आत्याला फोन लावून "आत्या, आहेस ना?" असं विचारलं होतं म्हणे.

पैशांचा तक्ता खरेदीखतातच होता. काका आणि आत्यांनी आपल्या हिश्श्याची रक्कम पुतण्याला द्यावी असं लिहून दिलं होतं. बाकी कुणाला किती, ते घरच्यांनी आपसात ठरवलेलं. किंमत 50 लाखांच्या वर म्हणून 1 टक्का टीडीएस आम्हीच कापून भरायचा, आणि तोही पैसे घेणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळा 26 क्यूबी फॉर्म. चौघांचे चार फॉर्म. विक्रेत्याच्या आईचं पॅन आधारशी जोडलेलं नव्हतं. तसंच भरलं असतं तर त्यांच्या रकमेवर 20 टक्के कापावे लागले असते. ते मॅडमच्या सांगण्यावरून सीएंनी आधी तपासलं आणि जोडून घेतलं. वकील आणि सीए एकमेकांशी बोलतील अशी सोय करून द्या, मधले निरोप आपण पोचवत बसलो की काहीतरी गळतंच.

ताबा मिळाल्यावर सोसायटीने हस्तांतर शुल्काशिवाय "विकास निधी" मागितला. शुल्काची कमाल मर्यादा 25 हजार आहे. मॅडमच्या सल्ल्याप्रमाणे मी फक्त एवढंच म्हटलं की मागणी लेखी द्या. ती काही आली नाही, शेअर सर्टिफिकेट आलं. महावितरण आणि महापालिकेच्या कर खात्यात नाव लावून झालं. कन्व्हेयन्स मात्र अजून तसंच लोंबकळतंय. मानीव अभिहस्तांतरणासाठी (जमीनमालकाच्या सहीवाचून होणारं कन्व्हेयन्स) जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, हा विषय मी येत्या वार्षिक सभेसाठी लेखी दिला आहे. सेक्रेटरींनी पोच द्यायला जरा कुरकुर केली, पण दिली.