पाण्याच्या टाकीसाठी 47 दिवस

मे महिन्याची सुरुवात. रात्री नागपूरच्या धरमपेठेतून घरी आलो, मागच्या डिकीतून भाजीची पिशवी काढली तर पिशवीचं बूड ओलं. गालिच्यावर हात फिरवला, तोही ओला. बोटं नाकाशी नेली तर गोडसर वास. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी.

गाडी 2004 ची पोर्श बॉक्स्टर एस, 3.2 लिटरची. हिचं इंजिन पुढेही नाही आणि मागेही नाही, सीटांच्या पाठीमागे झाकलेलं असतं. सिग्नलला कोणीतरी विचारतंच, "भाऊ, इंजिन कुठी आहे हिचं?" दोन्ही डिक्या उघडून दाखवल्या तरी माणसाचं समाधान होत नाही. दिसतात ती फक्त ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं, मागच्या डिकीत. कूलंटची प्लास्टिकची टाकीही तिथेच. वीस वर्षं गरम पाणी आणि प्रेशर सोसून ते प्लास्टिक कडक होतं, पिवळं पडतं आणि एक दिवस शिवणीवर तडकतं. माझ्या टाकीला केसाएवढी चीर होती, टॉर्च तिरपा धरला तेव्हा कुठे दिसली.

या मॉडेलचं नाव काढलं की जाणकार आयएमएस बेअरिंगचंच विचारतात, इंजिनाच्या आतलं हे बेअरिंग गेलं तर इंजिनच जातं. ते मी क्लच बदलला तेव्हाच बदलून घेतलं होतं. गिअरबॉक्स खाली उतरलेलाच असतो, मजुरी एकदाच पडते. 2024 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण झालं, आयात गाडी म्हणून 40,000 रुपये फी भरली, खिसा दुखला पण काम झालं. एवढं सगळं निभावलं, आणि अडलो एका प्लास्टिकच्या डब्यासाठी.

माझे मिस्त्री कामठी रोडवर बसतात. त्यांनी चीर पाहिली आणि म्हणाले, "एम-सील लावून देतो, पण सांगून ठेवतो, हे टिकत नाही." चौथ्या दिवशी गालिचा पुन्हा ओला. एका दुकानदाराने दुसऱ्याच गाडीची टाकी 'थोडी घासून' बसवून द्यायची तयारी दाखवली. मी हात जोडले. इंजिन एकदा तापून त्याचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकडं झालं तर मग टाकीची नाही, गाडी विकायची चौकशी करावी लागते.

म्हणून जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडून नवी टाकी आणि नवं टोपण मागवलं. पाच दिवसांत पार्सल मुंबईत. मी मिस्त्रींना शनिवारची वेळही देऊन टाकली. किती भोळा माणूस!

पहिला फोन कुरिअरवाल्यांचा. आधार आणि पॅन अपलोड करा. केलं. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज. पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी कळलं की पार्सलवर माझं नाव आणि आडनाव आहे, आधारवर वडिलांचं नावही आहे, त्यामुळे 'माणूस जुळत नाही'. मराठी माणसाच्या नावात बाप असतोच, हे मी फोनवर तीन वेगवेगळ्या मुलांना समजावलं. शेवटी सहीचं पत्र दिलं. तो विषय मिटला.

मग खरा घोळ. एका दुपारी फोन: "सर, ये माल नया है या पुराना?" नया. "लेकिन इनव्हॉइस में तो युज्ड लिखा है." मी इनव्हॉइस उघडून पाहिलं. त्या भल्या जर्मन माणसाने वर्णनात लिहिलं होतं, 'टँक, युज्ड इन बॉक्स्टर 986'. म्हणजे बॉक्स्टरमध्ये वापरली जाणारी टाकी. कस्टम्समध्ये वाचणाऱ्याने 'युज्ड' एवढंच वाचलं आणि टाकी वापरलेली ठरली. वापरलेला सुटा भाग बाहेरून आणायचा तर वेगळा परवाना लागतो, तो माझ्याकडे कुठून असणार? एका शब्दासाठी डबा गोदामात जाऊन बसला.

मी म्हटलं, पेटी उघडून बघा ना. टाकी नवी कोरी पांढरी आहे, जुनी असती तर चहासारखी दिसली असती. "सर, वो हम डिसाइड नहीं कर सकते." मग कोण करणार? त्याचं उत्तर रोज बदलायचं. विक्रेत्याचं पत्र आणा. विक्रेत्याला मेल केला, तर तिकडे सणाची सुट्टी. पत्र आलं, तर लेटरहेड नाही. लेटरहेड आलं, तर सही नाही. सही आली, तर पत्राची तारीख इनव्हॉइसच्या नंतरची कशी? अरे, चूक कळल्यावरच पत्र लिहिणार ना! वर रोजचं डेमरेज, म्हणजे गोदामाचं भाडं, चढत होतंच. घरी "आलं का हो तुमचं पार्सल?" हा प्रश्न इतक्यांदा झाला की बायकोने तो चहाबरोबर विचारायचाही बंद केला.

25 मेला नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला. पारा 45 च्या पुढे, आणि गाडी पोर्चमध्ये कापडाखाली, बॅटरीला ट्रिकल चार्जर लावलेली. रिकामे हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून त्याच दिवसांत पुढचा बंपर उतरवला. हिचे दोन रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत असतात, तिसरा मधोमध, आणि कोपऱ्यातल्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर, तेही जाळीसारखेच. दोघांच्या मधल्या फटीतून कडुनिंबाची पानं, काड्या, एक वेफर्सचं पाकीट आणि धूळ मिळून अर्धी बादली निघाली. वाळलेली पानं थरावर थर बसून पापडासारखी झाली होती. नागपुरात अशी गाडी असेल तर दर उन्हाळ्याआधी हे करा. एसी लावून दोन्ही बाजूंचे पंखे हळू फिरतात का, तेही ऐका. माझा डावा गप्प होता, स्लो स्पीडचा रेझिस्टर जळलेला. तो तसाच राहिला असता तर नवी टाकीही मीच उकळली असती.

अपग्रेड म्हणाल तर मी दोनच केलेत. कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी झडप, मूळचा 86 अंशांचा असतो, हा 71 चा. आणि ओबीडीला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला, लावायचा छोटा डोंगल, कारण तापमानाच्या काट्यावर माझा विश्वास नाही, मोबाइलवर खरा आकडा दिसतो. हॉर्सपॉवर वाढवण्याचे सल्ले मला पुष्कळ मिळतात, मी हसून ऐकतो.

47 व्या दिवशी पार्सल दारात. खोका फाटलेला, आत टाकी शाबूत. ड्युटी आणि डेमरेज मिळून टाकीच्या किमतीच्या जवळपास गेले. बसवायला मिस्त्रींना दिवस लागला. जागा अरुंद, खालचे होज (रबरी नळ्या) घट्ट, आणि पाणी भरताना हवा अडकते. टोपणाजवळ तारेची छोटी क्लिप असते, ती उभी करून हवा निघू द्यायची, घाई करायची नाही. संध्याकाळी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत गेलो, परतीच्या ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून मोबाइलकडे बघत बसलो. आकडा हलला, पंखे लागले, आकडा खाली आला. मिस्त्री शेजारी बसलेले, म्हणाले, "झालं, आता घरी चला."

हो, टोपणाचं सांगायचं राहिलं. जुन्या टोपणातून प्रेशर निसटतं आणि दोष टाकीवर जातो. टोपणाच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे बघा, 04 हे सुधारलेलं. टायरही नक्षी बघून घेऊ नका. बाजूला चार आकडे असतात, आधी आठवडा, मग वर्ष. समृद्धी महामार्गावर 120 ने जायचं असेल तर ते आकडे माझ्या दृष्टीने गाडीच्या रंगापेक्षा महत्त्वाचे.

गेल्या महिन्यात त्याच जर्मन विक्रेत्याकडून एअर ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणारा भाग, मागवला, जुन्याचा पडदा फाटून सकाळी पांढरा धूर यायला लागला होता. ऑर्डरमध्ये पहिली ओळ लिहिली: इनव्हॉइसवर माझं पूर्ण नाव, आधारवर आहे तसं, आणि 'युज्ड' हा शब्द कुठेही नको. त्याने 'ब्रँड न्यू' तीनदा लिहून पाठवलं. नवव्या दिवशी पार्सल घरी, एकही फोन न येता.