लग्न नात्यातलं नाही, मग रिपोर्टमध्ये असं कसं आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि हे विचारणारे तुम्ही एकटे नाही, जेनेटिक काउन्सेलिंगच्या कामात हा प्रश्न मला सतत येतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. होतं असं की बाळाला काहीतरी त्रास असतो, फिट्स येतात किंवा वाढ मागे पडलेली असते, डॉक्टर मायक्रोअ‍ॅरे नाहीतर एक्झोम अशी डीएनएची टेस्ट करायला सांगतात, रिपोर्ट येतो आणि शेवटी एक ओळ असते की होमोझायगोसिटीचे लांब पट्टे सापडलेत, आईवडलांमध्ये रक्ताचं नातं असू शकतं. मग घरात गोंधळ. "मॅडम, आमचं लग्न नात्यातलं नाहीये हो, गोत्रसुद्धा वेगळं आहे, स्थळ बघून रीतसर ठरवलेलं लग्न, मग असं कसं लिहिलं यांनी?" आणि सोबत आलेल्या सासूबाई बहुतेक वेळा सुनेकडे बघत असतात. हे मला फार लागतं. त्या ओळीचा सुनेच्या माहेरच्या 'रक्ता'शी वगैरे काही संबंध नसतो, असा पट्टा तयार व्हायला दोन्हीकडून सारखाच तुकडा यावा लागतो, एक आईकडून आणि एक वडलांकडून, हिशोब अगदी निम्मानिम्मा.

तर हे पट्टे म्हणजे काय, लॅबमध्ये ज्याला सगळे आरओएच (रन्स ऑफ होमोझायगोसिटी) म्हणतात. आपल्या क्रोमोसोमच्या, म्हणजे डीएनएच्या लांब दोऱ्यांच्या, जोड्या असतात, एक आईचा एक वडलांचा, आणि दोघांमधली डीएनएची अक्षरं बहुतेक सारखीच असली तरी मधेमधे फरक असतो. आता लाखो अक्षरं सलग वाचत गेलो आणि दोन्ही कॉपींमध्ये एकही फरक सापडला नाही तर तो झाला आरओएच. इतकं लांब साम्य योगायोगाने येत नाही, कुणा एकाच पूर्वजाचा तोच तुकडा आईच्या बाजूनेही खाली आला आणि वडलांच्या बाजूनेही, आणि बाळात येऊन दोन्ही भेटले.

स्क्रीनवर हे इतकं स्पष्ट दिसतं की जमेल तेव्हा मी आईवडलांना ते चित्रच दाखवते. क्रोमोसोमच्या लांबीभर ठिपक्यांचे तीन आडवे थर असतात, वरचा आणि खालचा म्हणजे दोन्ही कॉपी सारख्या असलेल्या जागा, मधला म्हणजे दोन कॉपी वेगळ्या असलेल्या जागा. आरओएच सुरू झाला की मधला थर एकदम गायब, पुढे बराच वेळ फक्त वरचा आणि खालचा, आणि मग अचानक मधला परत येतो. शेजारी दुसरा ग्राफ असतो, डीएनएच्या कॉपी किती आहेत ते सांगणारा, तो मात्र दोनवरच सरळ चालू असतो. म्हणजे काही हरवलेलं नाही, तुटलेलं नाही, दोन्ही कॉपी जागेवर आहेत. हे बघितल्यावर बऱ्याच आयांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल होतो, कारण 'दोष' हा शब्द ऐकून त्यांना वाटत असतं की बाळात काहीतरी कमी आहे.

(पट्टा फक्त एकाच क्रोमोसोमवर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कधीकधी दोन्ही कॉपी एकाच पालकाकडून आलेल्या असतात, पंधराव्या क्रोमोसोमवर असं झालं तर प्राडर-विली किंवा अँजलमन सिंड्रोम होऊ शकतो, आणि त्यात आईवडलांच्या नात्याचा प्रश्नच येत नाही.)

आता खरी मजा लांबीत आहे. पणजोबांची सलग जमीन प्रत्येक पिढीत वाटण्या होत होत शेवटी नातवंडांच्या सातबाऱ्यावर गुंठ्यांत उरते, तसंच या तुकड्यांचं होतं. दर पिढीत आईवडलांच्या क्रोमोसोमची अदलाबदल होते आणि पूर्वजाचा सलग तुकडा आणखी बारीक होतो. म्हणून तुकडा लांब म्हणजे पूर्वज जवळचा, तुकडा छोटा म्हणजे पूर्वज लांबचा. आपण मोजतो मेगाबेसमध्ये, एक मेगाबेस म्हणजे दहा लाख अक्षरं. आते-मामे भावंडांचं लग्न झालं तर त्यांच्या मुलात सरासरी एक सोळांश जीनोम (जीनोम म्हणजे सगळा डीएनए मिळून), म्हणजे ६.२५ टक्के, साधारण १८० मेगाबेस असा सारखा निघतो, आणि एकेक तुकडा पंधरा-वीस मेगाबेसच्या आसपासचा, काही त्याहून बरेच मोठे. मामा-भाचीचं लग्न, जे दक्षिणेत काही समाजांत चालतं, तिथे हाच आकडा १२.५ टक्के. पण सामाईक पूर्वज दहा पिढ्यांमागचा असेल, म्हणजे ढोबळमानाने पेशवाईतला, तर सरासरी तुकडा चार-पाच मेगाबेसवर येतो. आणि एक-दोन मेगाबेसचे तुकडे तर पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसात आहेत, तुमच्यात, माझ्यात, नात्यात लग्न अजिबात न होणाऱ्या युरोपियन माणसातसुद्धा. आफ्रिकेत ते सगळ्यात कमी कारण माणूस तिथे सगळ्यात जुना आणि तिथली विविधता सगळ्यात जास्त, आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या कारितियानासारख्या छोट्या जमातींमध्ये प्रचंड, कारण मुळात माणसंच थोडी.

म्हणून रिपोर्ट हातात आला की मी आधी बेरीज बघत नाही, लांबी बघते. थोडेच पण लांब तुकडे असतील तर लग्न नात्यातलं, जवळच्या पिढीतलं. खूप सारे पण छोटे-मध्यम असतील तर लग्न नात्यातलं नसेलही, पण दोघं ज्या समाजातून आलेत तो समाज शेकडो वर्षं आपल्या आपल्यातच सोयरिकी करत आलाय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एक जोडपं आठवतं, अगदी तुमच्यासारखंच, नातं नाही म्हणजे नाही. बाळात सहा ते चौदा मेगाबेसचे काही तुकडे, सगळे मिळून दीड टक्का. मी वंशावळ काढायला घेतली (आमच्या पद्धतीत नात्यातल्या लग्नाला दोन रेघा मारतात, तिथे अजून एकच रेघ होती) आणि विचारत गेले, तुमच्या आईचं माहेर कुठलं, तिच्या आईचं माहेर कुठलं, वडलांच्या आईचं कुठलं. नवऱ्याला आईच्या आईचं माहेर माहीत नव्हतं, त्याने बाहेर जाऊन फोन लावला. परत आला तेव्हा बायको माझ्यासमोर तिच्या वडलांच्या आईचं गाव सांगत होती, आणि तो दारातच थांबला. तेच गाव. तेच आडनाव. दोघी आज्या एकाच भावकीतल्या निघाल्या, आणि लग्न ठरवताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं कारण कुणी बघितलंच नव्हतं.

आपल्याकडे बघतात ते गोत्र, कूळ, देवक, आणि ते सगळं वडलांकडून चालत येतं. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येतात, त्यांच्या चोपडीत पिढ्यान् पिढ्यांची नावं असतात, पण ती पुरुषांची. आजीचं माहेर, पणजीचं माहेर, दोन पिढ्यांत पुसलं जातं. डीएनएला हा भेद माहीत नाही, तो आजीकडचाही तितकाच सांभाळून आणतो. सगोत्र म्हणून आपण तीस पिढ्यांमागच्या नात्याला घाबरतो, आणि मामाची मुलगी मात्र गोत्र वेगळं म्हणून चालते, जिच्याशी आपला जीनोमचा एक अष्टमांश हिस्सा सारखा असतो. मला यात कुणाच्या रूढीला नावं ठेवायची नाहीत. इरावती कर्व्यांनी देशभरातल्या नातेसंबंधांचा अभ्यास केला त्यातही महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा म्हणूनच येतो, उत्तरेत आते-मामे भावंडांत लग्न निषिद्ध, दक्षिणेत पसंतीचं, आणि आपल्याकडे मामाची मुलगी चालते पण आत्याच्या मुलीबद्दल हात आखडता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंड लग्नं रद्दबातल ठरवली पण जिथे रूढी आहे तिथे सूट दिली. माझं म्हणणं इतकंच की 'गोत्र वेगळं' हे जेनेटिक उत्तर नाही, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आणि भावकी सापडलीच नाही तरी? तरी पट्टे असू शकतात, कारण पोटजात. आपल्या उपखंडात साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात वेगवेगळे लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते, याचे ठसे डीएनएमध्ये स्पष्ट आहेत, आणि मग मिसळणं थांबत गेलं आणि लग्नं आपापल्या वर्तुळात बंद झाली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एकाच समाजातल्या दोन परक्या माणसांमध्ये सारखे तुकडे किती ते मोजलं, आणि ८१ समूहांत हे प्रमाण फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी (युरोपातले) ज्यू यांच्याहूनही जास्त निघालं, जे दोन समाज मेडिकलच्या पुस्तकांत याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत. यातले काही समाज छोटे नाहीत हो, दहा लाखांच्या वरचे आहेत. आंध्र-तेलंगणातला वैश्य समाज तिसेक लाखांचा, पण मूळचे पूर्वज थोडे, त्यामुळे तिथे एका एन्झाइमची कमतरता इतरांच्या शंभरपट आढळते आणि ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायचं ठराविक औषध दिलं तर माणूस लवकर त्यातून बाहेर येत नाही. तिथले भूलतज्ज्ञ जात विचारतात ती या कारणाने. मला वाटतं जातीचा प्रश्न इतक्या सरळ कारणासाठी विचारला जाणारी हीच एक जागा असेल.

आपल्या मुंबईतल्या पारशांचंही तसंच, इराणमधल्या लोकांपेक्षा त्यांच्यात हे पट्टे जास्त, आणि २०११ च्या जनगणनेत भारतभरात ते ५७,२६४ होते, इतक्या छोट्या समाजात आपसात लग्न करायचं म्हटलं तर दुसरं काय होणार.

जाता जाता, हेच पट्टे जुन्या हाडांतही वाचता येतात आणि हा भाग मला वैयक्तिकरीत्या फार आवडतो. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतातल्या गुहेत एका निअँडरथल बाईचं पायाच्या बोटाचं हाड मिळालं, तिच्या जीनोममध्ये इतके लांब पट्टे की तिचे आईवडील सावत्र भाऊ-बहीण असावेत इतके जवळचे होते. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या भव्य थडग्यात पुरलेल्या एका पुरुषाचे आईवडील तर सख्खे भाऊ-बहीण किंवा पालक आणि मूल. पण २०२१ साली गेल्या ४५,००० वर्षांतल्या सतराशेहून जास्त माणसांचे जुने जीनोम एकत्र तपासले तेव्हा असं जवळच्या नात्यातलं मूल अगदी क्वचित निघालं. छोटे पट्टे मात्र शिकारी टोळ्यांच्या काळात भरपूर होते आणि शेती आल्यावर, वस्ती वाढल्यावर कमी होत गेले.

मग आजाराचं काय. पट्टा हा स्वतः आजार नाही, हे मी दिवसातून कितीतरी वेळा सांगते. आपण प्रत्येक जण काही ना काही बिघडलेले जीन घेऊन फिरतो, दुसरी कॉपी चांगली असते म्हणून कळत नाही. पट्ट्यात दोन्ही कॉपी एकच, त्यामुळे तिथे नेमका बिघडलेला जीन आला तर त्याला झाकायला कुणी नाही. १९०२ मध्येच गॅरडने अल्कॅप्टोन्यूरियाबद्दल लिहिताना, ज्यात बाळाचं लघवीने ओलं लंगोट हवेत राहिलं की काळं पडतं, नोंदवलं होतं की या मुलांचे आईवडील बरेचदा सख्ख्या भावंडांची मुलं असतात. पुढे १९८७ मध्ये लँडर आणि बॉटस्टाइन यांनी सुचवलं की आजारी मुलांतले असे पट्टे शोधा, जीन तिथेच सापडेल, आणि १९९३ मध्ये अल्कॅप्टोन्यूरियाच्या जीनची जागा याच युक्तीने तिसऱ्या क्रोमोसोमवर सापडली. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधली ती ओळ आरोप नाही, ती आम्हाला कुठे शोधायचं ते सांगते.

धोका किती ते पण स्पष्ट सांगते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या मोठ्या अभ्यासात जन्मजात दोषांचं प्रमाण एरवी ३ टक्के आणि आते-मामे-चुलत-मावस भावंडांच्या लग्नांत ६ टक्के निघालं. दुप्पट, हो. पण १०० पैकी ९४ मुलं तशी नव्हती हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक एकतर घाबरतात नाहीतर झटकून टाकतात.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. हे पट्टे पुढे साचत जात नाहीत. एखादी मुलगी स्वतः आते-मामे भावंडांच्या लग्नातून झालेली असली, अंगावर १८० मेगाबेसचे पट्टे असले, तरी तिने अगदी वेगळ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं तर तिच्या बाळात लांब पट्टे जवळजवळ शून्य. एका पिढीत. 'घराण्याचं रक्तच बिघडलं' म्हणून मुलींची लग्नं अडवणाऱ्या घरांना मला हे ओरडून सांगावंसं वाटतं.

तुमच्यासाठी पुढचं असं. एक्झोम झालं नसेल तर करून घ्या आणि पट्ट्यांतले जीन आधी बघायला सांगा. बदल सापडला तर तुमची दोघांची त्याच जागेची टेस्ट करायची, दोघंही वाहक निघालात, म्हणजे दोघांचीही एकेक कॉपी बिघडलेली असली, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची २५ टक्के शक्यता, आणि ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा तपासून बाळाचं कळतं, त्यामुळे दिवस राहण्याआधी येऊन भेटा, नंतर धावपळ होते. काहीच सापडलं नाही तर दीड-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासायला सांगा, नवीन जीन सतत सापडत असतात. आणि येताना दोघांच्या चारही आज्यांची माहेरची गावं आणि आडनावं लिहून आणा, आणि पणज्यांची मिळाली तर फारच उत्तम.