ऑपरेशन छातीचे, मेहनत हाताची

उजव्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचा बायोप्सी अहवाल हाती आल्यावर सर्जननी मला दोन वाटा समजावून सांगितल्या. गाठ एकच आणि लहान असती, तर तेवढाच भाग काढून पुढे किरणोपचार देता आले असते. इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर या सर्जननी अशा रुग्णांचा वीस वर्षे पाठपुरावा केला होता. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले आणि योग्य रुग्णांत स्तन राखला काय किंवा काढला काय, जगण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही, हे त्यांतून दिसून आले. माझ्या स्तनात मात्र दोन वेगवेगळ्या जागी गाठी होत्या आणि काखेतील एका गाठीतही कर्करोगाच्या पेशी सापडल्या होत्या, त्यामुळे संपूर्ण स्तन आणि काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे हातातील पाण्याचा निचरा करणाऱ्या तिथल्या बारीक गाठी, काढण्याचे ठरले. हा निर्णय मनाने स्वीकारायला मला बराच वेळ लागला. त्याविषयी पुष्कळ जणी विचारतात आणि मी सांगतेही. पण माझ्या उजव्या हाताविषयी मला कोणीच काही विचारले नाही, आणि त्या सगळ्या काळात खरी झटापट झाली ती या हाताशी.

मी अमळनेर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. फळ्यावर लिहिणे, वरच्या खुंटीवरचा नकाशा काढणे, घरी आल्यावर कळण्याची भाकरी थापणे, ही सगळी कामे उजव्या हाताची. ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपिस्टनी मला बोलावून घेतले, दोन्ही हात डोक्यावर न्यायला लावले, खांदा किती वळतो ते लिहून ठेवले आणि कोपराच्या वर व खाली ठरावीक अंतरावर टेप लावून दोन्ही हातांचा घेर मोजला. पुढे हाताला सूज आली तर ती कशाच्या तुलनेत, हे कळण्यासाठी आधीचे माप असावे लागते, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक बाईने ऑपरेशनपूर्वी हे माप आग्रहाने घ्यायला लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण धावपळीच्या ठिकाणी ते राहून जाते.

त्याच भेटीत मला एक दिलासा मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉल्स्टेड या अमेरिकी सर्जनने रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढले जात, त्यामुळे अनेक बायकांचा हात कायमचा अधू होई. आता छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवतात, म्हणून व्यायाम नेमाने केला तर खांदा पूर्ववत होण्याची चांगली आशा असते. आमच्या नात्यातील एका वृद्ध बाईचा हात ऑपरेशननंतर कधीच वर गेला नव्हता, आणि माझ्या मनातील भीती बहुतेक तिथूनच आली होती.

घरची तयारी मी हाताचाच विचार करून केली. वरच्या फळीवरचे डाळी-तांदळाचे डबे, मसाल्याचे डबे, चहा-साखर, सगळे कमरेच्या उंचीला आणले. डोक्यातून घालायचे कपडे बाजूला ठेवून पुढून बटणे असलेले सैल गाउन काढले. काखेत ठेवायला एक छोटी मऊ उशी शिवून घेतली, आणि अमळनेरला परत येताना गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तिचा जो उपयोग झाला, तो मी विसरणार नाही. बांगड्या आणि अंगठी घरीच उतरवून ठेवली. रक्त, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टूडी इको झाल्यावर भूलतज्ज्ञांनी कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि कोणत्या थांबवायच्या ते कागदावर लिहून दिले. जड अन्न किती वाजेपर्यंत आणि साधे पाणी किती वाजेपर्यंत, हेही वेगवेगळे लिहिले होते. शेजारच्या खाटेवरील मावशींना मिसरीची सवय होती. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो, म्हणून सिस्टरांनी त्यांची डबी काढून घेतली, तेव्हा त्या दिवसभर रुसून बसल्या होत्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ज्यांचे ऑपरेशन होणार असेल, त्यांच्या घरच्यांनी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, गाठलेले बरे, एवढेच खर्चाबाबत सांगते. मंजुरीला वेळ लागतो.

ऑपरेशनविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, कारण मी झोपेत होते. जाग आली तेव्हा छातीवर घट्ट पट्टी होती आणि बरगडीच्या बाजूने निघालेली नळी एका डबीला जोडलेली होती. ही ड्रेनची डबी म्हणजे घड्या असलेले प्लास्टिकचे भांडे. ते रिकामे करून दाबून चपटे केले आणि बूच लावले की आतली हवा कमी होऊन जखमेतील पाणी ओढले जाते. घरी सोडताना सिस्टरांनी माझ्याकडून आणि माझ्या यजमानांकडून ते दोनदा करवून घेतले. नळीत गुठळी अडकू नये म्हणून कातडीजवळ ती एका हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने डबीच्या दिशेने हळूहळू दाबत न्यायची. पकड सुटली तर टाक्यावर ताण येतो, तेव्हा धरणारा हात अजिबात हलू द्यायचा नाही. रोज ठरलेल्या वेळी मापाच्या भांड्यात पाणी ओतून किती मिली भरले आणि रंग कसा होता, ते वहीत लिहायचे. माझ्या वहीत लालचे गुलाबी आणि गुलाबीचे फिकट पिवळे कसे होत गेले, ते क्रमाने दिसते. चोवीस तासांत ३० मिलीपेक्षा कमी, असे सलग दोन दिवस आले की नळी काढतात, हा आमच्या सर्जनचा नियम होता. तोवर गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीत ती डबी घेऊनच घरभर वावरावे लागले आणि आंघोळीऐवजी ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यावे लागले.

हाताचा व्यायाम दुसऱ्या दिवसापासूनच सुरू झाला होता. मूठ मिटणे-उघडणे, कोपर दुमडणे, खांदे वर उचलून सोडणे, दीर्घ श्वास घेणे, एवढेच. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीच्या वर न्यायचा नव्हता. भेटायला येणाऱ्यांना हे पटवणे मात्र फार अवघड गेले. हात गळ्यात बांधून ठेव, हलवू नकोस, टाके उसवतील, असे प्रत्येक जण प्रेमाने सांगत होता. त्याच प्रेमाने भात, दही, वांगे आणि उडदाची डाळही बंद करण्याचा सल्ला मिळाला, कारण त्यांनी म्हणे जखमेत पू होतो. आहारतज्ज्ञांनी यातले काहीही वर्ज्य नाही, उलट डाळी, दही, अंडी भरपूर खा, असे लिहून दिले होते. तो कागद आमच्या सासूबाईंनी, म्हणजे जिजींनी, जपून ठेवला आणि ऐन भरिताच्या हंगामात माझ्या ताटातले भरित काही बंद होऊ दिले नाही.

नळी निघाल्यावर भिंतीचा व्यायाम आला. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि बोटांनी चढत चढत हात जिथवर जाईल तिथवर न्यायचा. मी तिथे पेन्सिलने खूण करीत असे. पहिली खूण माझ्या हनुवटीच्या उंचीची होती. व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेतली की दोन बोटे जास्त वर जाता येत असे. मध्येच काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या सुतळीसारखी एक दोरी उमटली आणि हात सरळ करताना ती टचकन ओढली जाऊ लागली. मी घाबरून गेले, पण काखेतील गाठी काढल्यावर अनेकींना असे होते, व्यायाम थांबवायचा नाही, असे फिजिओथेरपिस्टनी सांगितले आणि त्यांच्या हाताखालच्या ताणांनी ती हळूहळू विरली. काखेखाली पाणी साचून फुगवटा आला, तोही सर्जननी सुईने काढला. सुई टोचल्याचे मला जाणवलेच नाही, कारण दंडाची आतली बाजू आणि काख बधिर झाली होती. तिथे संवेदना नेणारी नस ऑपरेशनमध्ये दुखावते किंवा कापली जाते. ती बधिरता पुढे थोडी कमी झाली, पण गेली नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी त्या बाजूला लावायची नाही, काखेत ब्लेड फिरवायचे नाही, हे पथ्य कायमचे लागले.

व्यायामाची घाई एवढ्यासाठी होती की, केमोथेरपी संपल्यावर किरणोपचार घ्यायचे होते आणि त्या वेळी हात डोक्याच्या वर नेऊन निश्चल झोपावे लागते. खांदा आखडलेला असेल तर उपचारच अडतात. हे कारण कळल्यापासून भेटायला येणाऱ्यांचा सल्ला मी हसून ऐकून घेत असे आणि त्यांच्यासमोरच भिंतीपाशी उभी राहत असे. केमोच्या काळात मळमळ आणि थकव्याने काही दिवस खूण खाली आली, पण किरणोपचार सुरू झाले तेव्हा हात वर जात होता.

बांगड्यांचा प्रश्न निघाला तो एका हळदीकुंकवाला. लसिकाग्रंथी काढलेल्या हातावर घट्ट काही घालायचे नाही, आणि काचेची बांगडी फुटून ओरखडा निघाला तर जंतुसंसर्गाचे आणि सुजेचे भय, म्हणून माझा उजवा हात रिकामा होता. सवाष्णीचा हात मोकळा कसा, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा जिजी सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "डावा हातमा बांगड्या शेतस ना, मंग झायं!" विषय तिथेच मिटला.

ब्लाउजसाठी मात्र बरीच खटपट करावी लागली. एका बाजूचे वजन गेले की खांदा नकळत उचलला जातो आणि मान-पाठ दुखू लागते, म्हणून दुसऱ्या बाजूला केवळ आकार देऊन भागत नाही, वजनही द्यावे लागते. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन जखम आणि किरणोपचारांनी पोळलेली कातडी पूर्ण बरी झाल्यावरच वापरायचा होता. तोवर सुती कापडात कापूस भरून हलके पॅड केले. आमच्या शिंपीणबाईंनी ब्लाउजला आतून सुती खिसा शिवून दिला, उजवी बाही अर्ध्या बोटाने सैल ठेवली आणि काखेची शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, त्यामुळे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला तेव्हाही तिथे घासले नाही. अशी शिवण कोणत्याही दुकानात मागून मिळाली नसती.

आता मी फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहिते. भाकरीही थापते, मात्र तव्यावरची वाफ दंडाला लागू नये म्हणून जरा लांब उभी राहते. रक्तदाब आणि रक्ततपासणी डाव्या हातावरच करून घेते. शेतात कापूस वेचायला गेले तर हातमोजे घालते, कारण बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटे ओरखडली जातात आणि या हाताला छोटी जखमही परवडत नाही. हात लाल झाला, गरम लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दर महिन्याला त्याच दोन जागी टेप लावून घेर मोजते आणि ड्रेनच्या जुन्या वहीतच लिहून ठेवते. दोन्ही हातांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर थेट फिजिओथेरपिस्टकडे यायचे, असे मला सांगून ठेवले आहे. आजवर तो फरक एका सेंटिमीटरच्या आत राहिला आहे.